रेस दिली की उजवीकडे, सोडली की डावीकडे! जुनी एमएक्स-५, अलाइनमेंट करूनही तेच

अर्धा_थ्रॉटल:

मंडळी जरा मदत करा, माझं डोकं चालेनासं झालंय. सेकंडहँड माझ्दा एमएक्स-५ घेतलीये, दुसरी पिढी, २००१ चं मॉडेल, १.८ इंजिन, पॉवर स्टिअरिंग, मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांच्या वेगातला फरक आवरणारा). आधीच्या मालकाने छोट्या स्प्रिंगा टाकून गाडी खाली बसवलीये आणि १७ इंची बाहेरची रिम लावलीत. इंजिन गिअरबॉक्स एकदम ठणठणीत, त्याबद्दल तक्रार नाही, पण ही गाडी सरळ जायचं नावच घेत नाही.

म्हणजे काय तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोरात रेस दिली की नाक उजवीकडे जातं आणि रेस सोडली की पटकन डावीकडे झुकतं, स्टिअरिंग मी हलवलेलंच नसतं. एका स्पीडला रेस नुसती धरून ठेवली तर जाते सरळ, पण तेव्हा स्टिअरिंग किंचित उजवीकडे वळलेलं असतं. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, निम्म्यात येऊन थांबतं, मग हाताने आणावं लागतं. शंभरच्या आसपास थरथर आहे. आणि रस्त्याला लांबट खाचा असल्या की गाडी त्या खाचांच्या मागे जाते, आपण नुसतं बघत बसायचं.

पुढचे दोन टायर नवीन टाकले, बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली. काहीही फरक नाही. अलाइनमेंटच्या कागदावर मागचा टो (चाक पुढून किती आत-बाहेर वळलंय तो कोन) डावा +०.२५ अंश, उजवा -०.१५ अंश, हे दोन आकडे लाल होते. मी विचारलं तर ऑपरेटर म्हणाला बेरीज हिरवी आहे ना मग झालं, मागचं ॲडजस्ट होत नाही. पुढचं सगळं हिरवं. आता मेकॅनिक म्हणतोय स्टिअरिंग रॅक, म्हणजे पुढची चाकं वळवणारा आडवा दांडा, बदलावा लागेल. रॅकमुळे असं होतं का? की आणखी काही बघू आधी?

रॅक_पिनियन:

रॅकच असणार भावा. माझ्या जुन्या गाडीला सेम होतं, रॅक ज्या रबरी बुशांवर बसतो ते बुश गेले होते, रॅक अख्खाच डावी-उजवीकडे सरकायचा. बदलला आणि विषय संपला. तरी बदलायच्या आधी बुश बघून घे, पूर्ण रॅक टाकायची गरज नसेलही. रॅकच्या टोकाला जे रबरी बूट असतात ते दाबून बघ, आत ऑइल साठलं असेल तर सील गेलंय आणि मग रॅक उतरवावाच लागतो.

जुनाट_गाडी:

थांबा थांबा, रॅकवर एवढ्या लवकर जाऊ नका. आधी टायर. नेहमी आधी टायर, कारण रस्त्याला फक्त तेच लागतात आणि लोक नेमके तेच शेवटी बघतात.

पहिला प्रश्न, हवा किती आहे? या गाडीला कंपनीने २६ पीएसआय सांगितलीये, दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो तो वाच. गाडी जेमतेम एक टनाच्या आसपास आहे, टायरवाले मोठ्या गाडीच्या सवयीने ३४-३५ भरून देतात आणि मग ती उड्या मारते, खाचा पकडते. थंड टायरला मोज, चालवून आल्यावर नाही.

दुसरं, मागचे दोन टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, सारखेच झिजलेले आहेत का? तू फक्त पुढचे बदललेस म्हणजे मागे काय आहे देव जाणे. साइडवॉलवर चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. रबर जुनं होऊन कडक झालं असेल तर नक्षी कितीही खोल दिसू दे, पकड गेलेली असते. आणि लिमिटेड स्लिप असताना मागच्या दोन टायरचा घेर वेगळा असला की डिफरन्शियल सतत भांडत राहतं, त्यानेही गाडी ओढते. टेप गुंडाळून दोन्हीचा घेर मोज, काही मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, सेंटिमीटरभर फरक असेल तर तिथेच थांब.

तिसरं, पुढचे टायर डावे-उजवे अदलाबदल करून बघ. नवीन टायरसुद्धा आतून वाकडा बनलेला असू शकतो, थोडा शंकूसारखा, तो एका बाजूला ओढतो. अदलाबदल केल्यावर ओढ उलटी झाली तर टायर, तशीच राहिली तर टायर नाही. एका दिशेने फिरायचेच टायर असतील, बाणवाले, तर मात्र असं करता येत नाही, मग पुढचे मागे कर.

थरथरीचं माझ्या मते वेगळं प्रकरण आहे. बाहेरच्या रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असतं, या गाडीच्या हबचं माप ५४.१ मिमी. मधे रिंग लागते ती नसेल तर रिम फक्त नटांच्या भरवशावर बसतं, आणि जरा जरी मध्य सोडून बसलं तर मशीनवर कितीही बॅलन्स करा, गाडीवर ते थरथरणारच. स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढचं चाक, बुडाखाली सीट थरथरत असेल तर मागचं.

कोपऱ्यातला_स्पॅनर:

जुनाट काकांना पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो, ब्रेक अडकलाय का तेही बघ. दहा-पंधरा मिनिटं ब्रेक शक्यतो न मारता चालव आणि थांबल्यावर चारही चाकांजवळ हात ने. हात लावू नकोस, नुसता जवळ ने, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लगेच कळतं. या गाड्यांचे मागचे कॅलिपर स्लाइड पिनवर जाम होतात, हँडब्रेकची यंत्रणा त्याच कॅलिपरमध्ये आहे ना. पण तसं असेल तर ओढ कायम राहील, रेसबरोबर बाजू बदलणार नाही.

तेलकट_हात:

अलाइनमेंटच्या मशीनवरच काम करते मी, त्यामुळे हे वाचून चीड आली. "मागचं ॲडजस्ट होत नाही" म्हणे! एमएक्स-५ ला चारही कोपऱ्यांना डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन आर्म, आहे आणि मागच्या लोअर आर्मच्या आतल्या दोन्ही बोल्टना एक्सेंट्रिक कॅम (फिरवला की आर्म सरकवणाऱ्या चकत्या) आहेत, त्यांनीच मागचा टो आणि कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) लावतात. दर कोपऱ्याला दोन कॅम, असे गाडीभर आठ. ॲडजस्ट होत नाही याचा खरा अर्थ बोल्ट गंजून स्लीव्हमध्ये चिकटलेत आणि त्याला ते सोडवत बसायचं नव्हतं.

आता तुझे आकडे बघ. डावा +०.२५, उजवा -०.१५. बेरीज +०.१०, म्हणून हिरवी. पण अर्थ काय होतो? डावं चाक पुढून आत वळलेलं, म्हणजे उजवीकडे बघतंय. उजवं चाक पुढून बाहेर उघडलंय, म्हणजे तेही उजवीकडेच बघतंय. मागची दोन्ही चाकं एकाच बाजूला तोंड करून उभी आहेत आणि बेरजेत ते दिसतच नाही कारण अधिक-उणे एकमेकांना खातात. फरकाचं निम्मं कर, ०.२० अंश, हा तुझा थ्रस्ट अँगल, उजवीकडे. मागची चाकं गाडीला ज्या रेषेत ढकलतात ती रेष गाडीच्या मध्यरेषेला धरून नाहीये, त्यामुळे गाडी थोडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि पुढच्या चाकांना त्याच रेषेला यावं लागतं. पॉवर स्टिअरिंगवाल्या या गाडीत स्टिअरिंगचा रेशो साधारण पंधरास एक आहे, म्हणजे ०.२० चे हातात झाले तीनेक अंश. तू म्हणतोस ना "किंचित उजवीकडे वळलेलं", ते हेच. पुढची अलाइनमेंट त्याने मागचं न बघता रॅकच्या मध्यावर लावली म्हणून स्टिअरिंग वाकडं राहिलं.

इथपर्यंत नुसतं चुकीचं सेटिंग झालं. पण नुसतं सेटिंग चुकलेलं असतं तर वाकडेपणा कायम एकसारखा राहिला असता. तुझ्याकडे तो रेसबरोबर बदलतोय, म्हणजे मागचं एक चाक जागेवरून हलतंय. माझा संशय मागच्या उजव्या लोअर आर्मवर. का ते सांगते. रेस दिली की चाक गाडीला पुढे ढकलतं, म्हणजे आर्मच्या बाहेरच्या टोकाला पुढच्या दिशेने जोर बसतो. आतले बुश धडधाकट असतील तर आर्म जागेवर राहतो, बुश फाटला असेल तर आर्म वरून बघितल्यास थोडा फिरतो आणि चाक आत वळतं. उजवं मागचं चाक आत वळलं की गाडीचा मागचा भाग डावीकडे जातो आणि नाक उजवीकडे. रेस सोडली की इंजिन ब्रेकिंग चाकाला मागे खेचतं, आर्म उलटा फिरतो, चाक बाहेर उघडतं, नाक डावीकडे. तुझं लक्षण शब्दशः हेच आहे.

काकांच्या डिफरन्शियलच्या मुद्द्यावर एक. मागच्या टायरांचा घेर वेगळा असेल तर लिमिटेड स्लिप नेहमी वेगात फिरणाऱ्या छोट्या चाकाला आवरतं आणि दुसऱ्याला ढकलतं, त्यामुळे रेस असो की इंजिन ब्रेकिंग, ओढ एकाच बाजूला राहते, कमीजास्त होईल तेवढंच. बाजू बदलणारी ओढ त्याने येत नाही. तरी घेर मोजायला काही हरकत नाही, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि रॅक? रॅकला रेस दिली की सोडली हे कळतच नाही, मागची चाकं चालवतात ही गाडी. रॅकचे बुश गेले तर स्टिअरिंग हलवताना उशिरा प्रतिसाद येईल, खड्ड्यात भरकटेल, पण रेसवर नाक फिरणार नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं करू नकोस.

रॅक_पिनियन:

ताई पटलं तुमचं. माझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी होती, त्यात रेसवर ओढायची, म्हणून मला तेच वाटलं.

तेलकट_हात:

हो, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत रॅक किंवा पुढचे आर्मचे बुश गेले तर रेसवर ओढते, तिथे तुझं बरोबर आहे. इथे नाही.

कोपऱ्यातला_स्पॅनर:

ताईंचा संशय खरा की खोटा हे पाना न लावता कळेल अशी एक टेस्ट सांगतो. सपाट जमिनीवर हँडब्रेक पूर्ण ओढ, गिअर न्यूट्रल. हँडब्रेक मागच्या चाकांवरच आहे त्यामुळे मागची चाकं धरलेली राहतात. आता दोघांनी गाडी मागून पुढे आणि पुढून मागे अशी जोरात हलवायची आणि तिसऱ्याने बाजूला बसून, गाडीखाली नाही, मागचं चाक आणि चाकाच्या कमानीतलं अंतर बघायचं. आधी एक बाजू, मग दुसरी. एक चाक पुढे-मागे डुलतंय आणि दुसरं गप्प, असं दिसलं तर झालं निदान. मोबाइल जमिनीवर ठेवून व्हिडिओ काढ, नंतर हळू करून बघ, डोळ्याला न दिसलेलं त्यात दिसतं.

मग गाडी उचल. जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, स्टँड लावायचे, हे मी दर वेळी लिहितो आणि दर वेळी लिहिणार. टॉमी (लोखंडी पहार) घेऊन आतल्या प्रत्येक बुशजवळ आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म ज्या चौकटीला लागतात ती) मधे घाल आणि पिळ. थोडं दबून परत आलं तर ठीक, रबरच आहे ते. रबर आणि आतली लोखंडी स्लीव्ह यांच्यात फट उघडताना दिसली तर बुश मेला. सोबत पेंटच्या पेनाने आठही कॅमवर एक-एक रेघ मार, वॉशरवरून सबफ्रेमवर जाईल अशी. चालवून आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट सैल आहे आणि कॅमच फिरतोय, मग कदाचित बुश बरा असेल.

उचललेलीच आहे तर चाकं पण हलवून बघ. वर-खाली धरून, म्हणजे बारा आणि सहाला, हलवलं आणि खेळ लागला तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट, कुणाला तरी ब्रेक दाबायला सांग, खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर जॉइंट. नऊ आणि तीनला धरून हलवल्यावर पुढच्या चाकात खेळ असेल तर टायरॉड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणारा दांडा. पण टायरॉडची खरी परीक्षा चाकं जमिनीवर असताना होते, गाडीचा भार असताना. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवी करायचं, पटापट, आणि दुसऱ्याने जॉइंटवर बोट ठेवायचं. गेलेला जॉइंट बोटाला टकटक लागतो. बूटातून आतला टायरॉड पण असाच कळतो.

जुनाट_गाडी:

गाडी ठोकलेली आहे का तेही एकदा बघ ना. दोन्ही बाजूंचं पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर मोज, स्टिअरिंग सरळ ठेवून. कंपनीचा व्हीलबेस २२६५ मिमी आहे. दोन बाजूंत चार-पाच मिमी फरक कॅमच्या सेटिंगने येऊ शकतो, त्याहून बराच जास्त असेल तर आर्म वाकलाय नाहीतर सबफ्रेम सरकलीये, आणि मग नुसत्या बुशने भागणार नाही.

अर्धा_थ्रॉटल:

सगळ्यांचं ऐकून एकेक करत गेलो, आता रिपोर्ट देतो.

हवा ३५ होती चारही टायरमध्ये!! २६ केली आणि खाचांच्या मागे जाणं बरंचसं कमी झालं, पूर्ण नाही पण आता हातात भीती नाही वाटत. मागचे टायर एकाच कंपनीचे निघाले, कोड जुना आहे पण घेर सारखा. पुढचे अदलाबदल केले, ओढीत काडीचा फरक नाही. चाकं एकसारखीच तापतात. व्हीलबेस डावीकडे आणि उजवीकडे २-३ मिमीच्या फरकात, त्यामुळे ठोकलेली नाही असं धरतो.

रिंगा खरंच नव्हत्या. रिमचं भोक बरंच मोठं आहे, नटांवरच बसलेलं होतं. मापाच्या रिंगा घालून बसवलं आणि थरथर गेली, साफ गेली. बॅलन्सिंगवाल्याला हे दिसलं कसं नाही कळत नाही.

आणि आता मुख्य. हँडब्रेक टेस्टमध्ये उजवं मागचं चाक स्पष्ट पुढे-मागे होतं, व्हिडिओत तर चाक हलताना आतबाहेर वळतंय हेही दिसतंय. डावं एकदम घट्ट. टॉमी लावली तर उजव्या लोअर आर्मचा पुढचा आतला बुश, रबर स्लीव्हपासून पूर्ण सुटलंय, आत बोट घालता येईल एवढी फट. ताई तुम्ही गाडी न बघता सांगितलंत, मानलं. बेअरिंग टायरॉड जॉइंट सगळे टाइट आहेत. कॅमचे बोल्ट मात्र सुटता सुटेनात, नट निघाला पण बोल्ट आत स्लीव्हला चिकटलाय.

आता तीन प्रश्न. बोल्ट कसा काढू? एकच बुश बदलू की सगळे, आणि रबर की पॉलीयुरेथेन? आणि स्टिअरिंग आपोआप परत न येणं याचा बुशशी काही संबंध आहे का, की ते वेगळं?

कोपऱ्यातला_स्पॅनर:

बोल्ट आधी भेदक तेल मारून रात्रभर ठेव आणि मग नुसता सैल करायचा नाही, पुढे-मागे थोडा थोडा फिरवायचा. फिरतोय पण बाहेर येत नाही असं झालं तर बोल्ट स्लीव्हसकट रबरात फिरतोय, मग जोर लावण्यात अर्थ नाही, आर्मच्या आणि सबफ्रेमच्या कानाच्या मधे करवतीची लांब पाती घालून दोन्हीकडून बोल्ट काप. आर्म खाली येतो, बुश तसाही फेकायचाच आहे. टॉर्चने तापवायचा मोह होईल, करू नकोस, पेट्रोलची टाकी तिथून लांब नाही आणि रबर जळलं की नुसता धूर. कॅमचे बोल्ट आणि वॉशर नवीन घे, जुने परत लावू नकोस. बसवताना बोल्टच्या मधल्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझ (गंजून चिकटू न देणारी पेस्ट) लाव म्हणजे पुढच्या अलाइनमेंटला पुढच्या माणसाच्या शिव्या खायला लागणार नाहीत.

एक बुश गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत. निदान मागचे दोन्ही लोअर आर्म पूर्ण कर. डावी-उजवी वेगळी ठेवलीस तर नवं रबर आणि जुनं रबर वेगवेगळं दबेल आणि तू परत इथेच येशील.

जुनाट_गाडी:

रबर की पॉली यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. रोज चालवायची, रस्ते खराब, आणि परत परत उघडायचा कंटाळा असेल तर कंपनीचं रबर. पॉलीने स्टिअरिंग अंगाला चिकटल्यासारखं होतं, छान वाटतं, पण ग्रीस सुकलं की किरकिरतं आणि ते काढून ग्रीस लावावं लागतं. ट्रॅकवर जाणार असशील तर पॉली घे, नाहीतर कशाला.

रबर घेतलंस तर एक गोष्ट बहुतेक मेकॅनिक चुकतात. हे रबर आतल्या स्लीव्हला चिकटवलेलं असतं, आर्म वरखाली होतो तेव्हा ते घसरत नाही, पिळतं. गाडी लिफ्टवर असताना आर्म लोंबकळतोय आणि तेव्हाच बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तुझी तर खाली बसवलेली गाडी, त्यात हे आणखी वाईट. बहुतेक आधीच्या मालकाने स्प्रिंगा टाकल्या तेव्हा हेच झालं असणार. म्हणून सगळे बोल्ट नुसते हाताने लाव, गाडी चाकांवर उतरव, पुढे-मागे ढकलून बसू दे, आणि मग त्या उंचीवर आवळ. खाली शिरायला जागा होत नसेल तर रॅम्पवर चढव किंवा आर्मखाली जॅक लावून त्या उंचीला आण. पॉलीला ही भानगड नाही, ते स्लीव्हवर फिरतं.

खाली बसवलेल्या गाडीत बम्पस्टॉप पण बघ, शॉकच्या दांड्यावरचा फोमचा तुकडा. या गाड्यांत तो जुना झाला की भुगा होतो, आणि मग वळणात खड्डा आला की सस्पेन्शन एकदम लोखंडावर आपटतं, मागचं टोक सटकतं. तुझ्या लक्षणांत हे नाही, पण आर्म उतरवलाच आहे तर दिसेलच.

तेलकट_हात:

स्टिअरिंग परत न येणं हे वेगळं, पुढचं दुखणं आहे. कागदावर पुढचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव, किती आहे?

अर्धा_थ्रॉटल:

डावा ३.९, उजवा ४.१. हिरवा आहे.

तेलकट_हात:

हिरवा असेल पण कमीकडे झुकलेला आहे. स्टिअरिंगला सरळ यायचा जोर मुख्यतः कॅस्टर देतो. पुढच्या लोअर आर्मलाही दोन कॅम आहेत, दोन्ही एका बाजूला फिरवले की कॅम्बर बदलतो, एकमेकांच्या उलट फिरवले की कॅस्टर. पाचच्या आसपास घे, दोन्हीकडे सारखा. डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये फरक राहिला तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते, ०.२ ने काही होत नाही पण अर्ध्या अंशाच्या पुढे गेला की जाणवायला लागतं. ३५ हवेनेही परत येण्याचा जोर थोडा कमी झाला असेल कारण टायरचा जमिनीला लागणारा पट्टा छोटा झाला होता, आता २६ वर कसं आहे ते बघ.

पण कॅस्टर वाढवायच्या आधी काही अडकत नाहीये ना ते बघ. पुढची दोन्ही चाकं हवेत, इंजिन बंद, स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव. एका फेऱ्यात दोन ठिकाणी जड आणि मधे हलकं असं लागलं तर स्टिअरिंगच्या दांड्यावरचा युनिव्हर्सल जॉइंट सुकलाय. सगळीकडे सारखंच जड असेल तर पुढचे बॉल जॉइंट सुकलेत का बघ किंवा कुणीतरी रॅकचा प्रीलोडचा नट जास्त आवळलाय. खेळ काढायचा म्हणून लोक तो नट आवळतात आणि मग स्टिअरिंग मधेच चिकटतं. रॅक_पिनियन, बघ शेवटी तुझा रॅक आला बरं का 🙂

अलाइनमेंट मात्र अशा माणसाकडे कर जो आधी मागचं लावेल. क्रम ठरलेला आहे, मागचा कॅम्बर, मागचा टो, मग पुढचा कॅस्टर आणि कॅम्बर, आणि पुढचा टो सगळ्यात शेवटी स्टिअरिंग सरळ लॉक करून. ड्रायव्हरच्या सीटवर तुझ्या वजनाचं काहीतरी ठेवायला सांग, टाकी अर्धी, हवा बरोबर. रस्त्यासाठी मी अशा गाडीला मागे कॅम्बर उणे दीडच्या आसपास, पुढे उणे एक किंवा थोडा जास्त, मागे प्रत्येक चाकाला थोडासा टो-इन आणि पुढे जवळजवळ शून्य ठेवते. मागे कधीही टो-आउट नको, रेस सोडली की मागचं टोक पुढे यायला बघतं. आणि त्याला सांग की बेरीज दाखवू नको, मागच्या दोन चाकांचे आकडे वेगळे वेगळे दाखव, दोन्ही सारखे आणि थ्रस्ट अँगल शून्याजवळ, तेव्हाच गाडी खाली उतरवायची.

अर्धा_थ्रॉटल:

मागचे चारही आतले बुश आणि चार नवीन कॅम बोल्ट टाकले, रबरच घेतलं, गाडी चाकांवर असताना आवळलं. उजव्या बाजूचे दोन्ही बोल्ट कापावेच लागले, डावे निघाले. बम्पस्टॉपचा खरंच भुगा झाला होता, तेही बदलले. अलाइनमेंट दुसरीकडे केली, मागे दोन्ही +०.१०, थ्रस्ट अँगल शून्य. कॅस्टर ५.० आणि ५.१.

रेसवर नाक फिरणं बंद. स्टिअरिंग सरळ. रेस सोडली की आता गाडी फक्त हळू होते. परत येणंही सुधारलंय, पण शेवटचे काही अंश अजून आळस करतं, आणि चाकं उचलून फिरवलं तेव्हा फेऱ्यात दोनदा जड लागलं. म्हणजे तो युनिव्हर्सल जॉइंटच ना?

तेलकट_हात:

हो तोच. खालचा, रॅकजवळचा बघ आधी, तिथे एग्झॉस्टची उष्णता आणि रस्त्याचं पाणी दोन्ही पोचतं. भेदक तेल मारून स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवत राहा, सुटला तर मग ग्रीस मार. तेवढ्याने नाही झालं तर बदल, पण काढायच्या आधी दांडा आणि जॉइंट दोन्हींवर रेघ मारून ठेव, नाहीतर एक दात इकडेतिकडे बसेल आणि स्टिअरिंग परत वाकडं.

कोपऱ्यातला_स्पॅनर:

आणि नवीन कॅमांवर पेंटची रेघ मारलीस का? नसेल तर आज मार. काही दिवस चालवून झालं की बोल्टांचा टॉर्क परत तपास आणि रेघा बघ.